वाघ नाही, वाघूर तरी

जळगाव,
मे महिन्यातली तापलेली दुपार

प्रिय बापू,

इथं पारा पंचेचाळिशीला टेकलाय. कुलरसमोर बसून लिहितोय, कागद फडफडतोय, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

तुझा निरोप पोचला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येताय, पोरांना वाघ दाखवायचाय, ताडोबाचं परमिट काढून ठेव, असं हक्कानं सांगितलंस. हक्क आहेच तुझा. पण बाबा, १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचं कोअर, म्हणजे आतलं गाभ्याचं जंगल, बंद असतं. तुमच्या अमेरिकेतल्या शाळांना सुटी असते तेव्हाच आमचा वाघही सुटीवर जातो! तिकडून येणाऱ्या दर दुसऱ्या घराला मी हे सांगतो आणि दर दुसरं घर विचारतं, ‘काही सेटिंग होत नाही का?’ नाही होत. परमिट ऑनलाइन निघतं, त्यावर नाव असतं, ओळखपत्राचा नंबर असतो, गेटवर ते पडताळून बघतात. बाहेरच्या बफरमध्ये जाता येईल, पण पावसात पाणी जागोजागी, गवत डोक्याइतकं. वाघानं पाणवठ्यावर का यावं?

या बंदबद्दल माझी तक्रार नाही हं. कच्चे रस्ते चिखलात जातात, जिप्सी रुतते. जिप्सीवाले आणि गाइड आसपासच्या गावांतलेच, त्यातले कितीतरी त्या दिवसांत घरच्या धानाच्या रोवणीला लागतात. तारीख आधी ठाऊक असली की बंदही पंचांगात बसतो. आमच्या सहलींच्या धंद्याचं पंचांग तसं विचित्रच: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, ताडोबाही मंगळवारी बंद. धुळ्याच्या एका काकांनी स्वतःच आखलेला कार्यक्रम मला दाखवला होता. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. म्हटलं काका, दोन दिवसांत दोन कुलुपं बघून याल.

मारतो तो अचानक आलेला बंद. तुला वेगळं काय सांगू, तुझे नाना अनुभवून आलेत. ऑक्टोबर २०१३ मध्ये तू त्यांना हौसेनं ग्रँड कॅन्यनला घेऊन गेलास आणि रस्त्यावर अडथळे लावलेले. तिथल्या संसदेत खर्चाचा मेळ बसला नाही, १ तारखेपासून केंद्र सरकारचं काम ठप्प, म्हणून चारशेवर राष्ट्रीय उद्यानांना टाळं. नाना अजून पारावर सांगतात, ‘एवढी मोठी दरी, तिला फाटक कसलं लावता? आपला अजिंठा सोमवारी बंद असतो, पण मंगळवारी तरी उघडतो!’ शेवटी अ‍ॅरिझोना राज्यानं पदरचे पैसे भरून १२ तारखेला ते उद्यान उघडून घेतलं. नाना तोवर धुळ्याला परतले होते. मला मात्र त्यातलं एक कळलं नाही. जंगलाला विश्रांती हवी म्हणून बंद, हे समजतं. पुढाऱ्यांचं पटत नाही म्हणून दरी बंद, याला काय म्हणायचं?

आपल्याकडे २०१२ ला वेगळंच झालं. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन थांबवलं आणि १६ ऑक्टोबरला बंदी उठवली. वरवर बघणारा म्हणेल, पावसाळ्यातच तर गेली बंदी, तुमचं काय बिघडलं? अरे, दिवाळीचं बुकिंग ऑगस्ट-सप्टेंबरात होतं! गेट उघडणार की नाही हेच ठाऊक नसताना कोण आगाऊ पैसे देईल? त्या दोन महिन्यांत फोन वाजला तो फक्त चौकशीसाठी. तरी न्यायालयाचा रोख मला चुकीचा वाटला नाही. नंतरच्या नियमांनी कोअरचा फार तर वीस टक्के भाग पर्यटकांसाठी ठेवला, ते बरंच झालं. एका वाघामागं तीस जिप्सी मीही बघितल्यात. लाज वाटते.

आणि २०२०. धुळ्याची बावीस माणसं घेऊन निघालो होतो. पंचांग बघून सोमवारी, १६ मार्चला वेरूळ केलं, मुक्काम तेव्हाच्या औरंगाबादला, मंगळवारी सकाळी अजिंठा. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावली तर शुकशुकाट. त्याच दिवसापासून साथीमुळे देशभरची संरक्षित स्मारकं बंद झाली होती. एक आजी फाटकाकडे बघत म्हणाल्या, ‘आज तर मंगळवार शे ना?’ काय उत्तर देणार? मोसंबी विकणाऱ्या पोरानं उरलेली पाटी आम्हाला निम्म्या भावात दिली, ती खात खात परत आलो. अजिंठा उघडला थेट १० डिसेंबरला.

एप्रिलच्या एका सहलीसाठी जंगलाजवळच्या लॉजवाल्याला आगाऊ रक्कम दिलेली होती. तो म्हणाला, पुढच्या वेळी वळती करू. पुढची वेळ दोन वर्षांनी आली, तोवर लॉजचा मालक बदललेला. प्रवाशांचे पैसे मी हप्त्याहप्त्यानं फेडले. जिप्सीवाल्याला तर परत मागायलाही काही नव्हतं, त्याची फेरीच बुडाली. बंदचा आदेश निघतो तेव्हा त्यात त्या पोराचा रोज कुठंच नसतो रे.

असो. तू ये. पाटणादेवीला जाऊ. चाळीसगावपासून १८ किलोमीटर, गौताळा अभयारण्यात. भास्कराचार्यांचं गाव म्हणतात ते हेच, पोरांच्या गणिताला लागू पडेल. धबधबे सुरू झालेले असतील. पूर आला तर तिथंही वाट अडवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करून विचारून घेईन. मग अजिंठा. पावसात सातकुंडाचा धबधबा वरून कोसळतो आणि खाली वाघूर वाहते, नावातच वाघ असलेली नदी. १८१९ च्या एप्रिलात जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्याच शिकारीला त्या दरीत आला आणि त्याला लेणी दिसली. पोरांना सांगू, वाघ शोधायला निघालेल्याला तिथं काय सापडतं ते.

तारखा कळव. अजिंठ्याचा दिवस तेवढा सोमवार येऊ देऊ नकोस.

तुझाच,
भाऊ

ता. क. भरीत-पुरीचा हट्ट धरू नकोस. ते वांगं थंडीतलंच. जुलैत शेवभाजीवर भागवावं लागेल.