देवळ्याच्या विहिरी आणि आपला पैसा

मालेगावहून एस. टी.ने देवळ्याला जाताना मेशी फाटा आला, की छातीत धस्स होते. २८ जानेवारी २०२० रोजी येथे एस. टी. बस व रिक्षा धडकून रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली. २६ जीव गेले.

हा कांद्याचा मुलूख. गिरणाकाठ सोडला तर शेतीची मदार विहिरींवर. पोरे पोहायला शिकतात तीही विहिरीतच. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि थोरल्या भावाने ढकलून द्यायचे. पण विहीर शेतमालकाची. लहानपणी सुट्टीत मावशीकडे आलो, की मी काठावर उभा राही. मालकाला कांदे काढायला आमचे हात चालत, पाण्यात पाय चालत नसत. मुलींचे तर नावच नको. पन्नाशी उलटली, अजून मला पोहता येत नाही.

परवा मावसभावाच्या मुलीने विचारले, "काका, नाशिकला महापालिकेचा पोहण्याचा तलाव आहे. आपल्याकडे का नाही?"

ओट्यावरचे एकजण म्हणाले, "पैसा कुणाच्या बापाचा?"

उत्तर सोपे आहे : तुमच्या-आमच्या. अमेरिकेत काही गावे मतदान घेऊन खरेदीवर थोडा जादा कर बसवतात व त्यातून तलाव बांधतात. आपल्या नगरपंचायतीला तसा विक्रीकर लावता येत नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. तो केंद्र व राज्याकडे जातो. गावाच्या हाती घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदान. पण साबणाची वडी घेणारी मजूर बाईही कर भरते. अनुदान म्हणजे तिचाच पैसा.

आपल्या चळवळीला हे नवे नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले. प्रत्यक्ष ओंजळ भरायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना जावे लागले. कोर्टाचा अखेरचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. तिकडे अमेरिकेत जॅक्सन शहराने काळ्यांना सोबत पोहू देण्याऐवजी तलावच बंद केले. १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते चालवून घेतले. कर सर्वांचा, पाणी मोजक्यांचे!

मावशी म्हणाली, "उन्हाळ्यात प्यायला टँकर, अन् तुम्हाला पोहायला तळं?" तिचे खरे आहे. तलावाचे पाणी गाळून पुन्हा वापरता येते, भर घालावी लागते ती कमी झालेल्या पाण्याची. तरी दुष्काळाच्या वर्षी तलाव बंदच ठेवावा. बांधकामाचा पैसा एकदा लागतो. गाळणयंत्र, वीज आणि जीवरक्षकाचा पगार दरवर्षी लागतो. तेव्हा मागणी करताना चालवण्याच्या खर्चाचाही हिशोब मागावा.

बंधुभगिनींनो, अंदाजपत्रक ठरण्याआधी अर्ज द्या. फी मजुराला परवडेल अशी, मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिकवायला बाई, एवढे त्यात लिहा. अर्जावर पहिली सही त्या पोरीच्या आईने केली. दुसरी मावशीने, अंगठ्याने.