न लुटलेली दोन घरे

सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलाला शाळेतील इतिहासाचा एक तास नेहमीच अवघड जात आलेला आहे. सुरतेच्या लुटीचा धडा निघाला की वर्गातील साऱ्या माना आपल्याकडे वळतात. "तमे लूंटवा आव्या ने रही गया," असे माझे वर्गमित्र म्हणत. त्यात दुष्टावा नसे. आमचे घराणे गायकवाडीत नवसारी प्रांती नोकरीनिमित्त आले आणि पुढे सुरतेत स्थिरावले, हे त्यांना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. थट्टेला उत्तर द्यायचे ते थट्टेनेच.

सेवानिवृत्तीनंतर मात्र त्या धड्याकडे पुन्हा वळलो, तो एका ख्रिस्ती साधूच्या निमित्ताने. फ्रान्सिस बर्निये हा फ्रेंच वैद्य त्या काळी हिंदुस्थानात होता. त्याच्या प्रवासवृत्तात शिवाजी महाराजांच्या जानेवारी १६६४ मधील सुरतेवरील स्वारीचे वर्णन आहे. शहरात आगी लागल्या होत्या, सावकारांचे वाडे खणले जात होते. अशा वेळी महाराजांनी दोन घरांना हात लावू दिला नाही, असे तो नमूद करतो. एक घर फादर अँब्रोज नावाच्या कॅपुचिन पाद्र्याचे. दुसरे डच वखारीच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे. पाद्री सज्जन म्हणून, आणि दलाल हयातीत मोठा दानशूर होता म्हणून. या दलालाचे नाव इतिहासग्रंथांतून मोहनदास पारेख असे दिले जाते.

इंग्रजांची आणि डचांची वखारही त्या वेळी वाचली, पण ती बंदुकांच्या बळावर. या दोन घरांपाशी बंदूक नव्हती.

कॅपुचिन म्हणजे कोण, हे सांगायला हवे. सोळाव्या शतकात इटलीत निघालेली ही संत फ्रान्सिसच्या संप्रदायाची एक शाखा. जाडाभरडा अंगरखा, कमरेला दोर, टोकदार टोपी, वाढलेली दाढी आणि अकिंचनत्वाचे व्रत. फ्रान्सिस हा असिसी गावच्या कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. रिंग रोडच्या मार्केटमध्ये ज्यांचे आयुष्य गेले, त्या आपल्या सुरतकरांना ही गोष्ट चटकन उमगेल. बापाने धर्माधिकाऱ्यापुढे फिर्याद नेली, तेव्हा मुलाने अंगावरचे कपडे उतरवून तिथेच बापाला परत केले. पुढे त्याने आपल्या सोबत्यांना नाव दिले ते 'धाकटे भाऊ' असे. धर्मगुरू नव्हे, स्वामी नव्हे, धाकटे भाऊ! शासनात चौतीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला, ज्याचे सारे आयुष्य ज्येष्ठतासूचीत आपले नाव कितवे हे पाहण्यात गेले, हे नाव वाचून क्षणभर थांबावेच लागले.

अँब्रोज पाद्र्याविषयी दुसरी एक नोंद मला बर्नियेच्या नोंदीहूनही मोलाची वाटते. तेवनो हा फ्रेंच प्रवासी स्वारीनंतर दोनच वर्षांनी, १६६६ साली सुरतेस उतरला. तो लिहितो की हा पाद्री आपण होऊन महाराजांच्या भेटीस गेला, आणि शहरातील गरीब ख्रिस्ती लोकांच्या जिवाला धक्का लागू नये अशी विनंती केली. महाराजांनी त्याला अभय दिले.

येथे सुरतेचा मोगल सुभेदार इनायतखान आठवल्याशिवाय राहत नाही. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्याच्यावर असा ठपका आहे की पाचशे शिपायांचा पगार तो सरकारातून उचलत होता आणि शिपाई मात्र ठेवले नव्हते. (हजेरीपट आणि प्रत्यक्ष माणसे यांतील ही तफावत माझ्या जुन्या सहकाऱ्यांना अपरिचित वाटणार नाही.) संकट येताच तो किल्ल्यात जाऊन बसला. ज्याच्यापाशी अधिकार होता तो दार लावून आत, आणि ज्याच्यापाशी एक अंगरखा होता तो छावणीत. पाद्री शूर होता म्हणून गेला असे मला वाटत नाही. त्याच्या घरी राखायला काही नव्हते, म्हणून त्याचे पाय मोकळे होते. साधेपणा म्हणजे मनःशांतीचा एखादा उपाय, अशी जी कल्पना हल्ली शिबिरांतून विकली जाते, तिच्यात हे पाय मोकळे होणे कुठे दिसत नाही. फ्रान्सिसचे अनुयायी साधे राहत ते स्वतःच्या सुखासाठी नव्हे, दुसऱ्याच्या कामी यावे म्हणून.

याच शहरात याच्या उलट दृश्यही आहे. कतारगाम दरवाजाजवळील इंग्रजांच्या दफनभूमीत ऑक्झेंडन बंधूंची दुमजली, घुमटाची कबर आहे. क्रिस्तोफर १६५९ साली वारला. जॉर्ज, जो स्वारीच्या वेळी वखारीचा प्रमुख होता, तो १६६९ साली. जवळच डचांच्या दफनभूमीत व्हान रीडचे, १६९१ सालचे, त्याहून भव्य थडगे आहे. तीही ख्रिस्ती माणसेच. परंतु बाजारात शेजाऱ्यावर कुरघोडी करण्याची जी चढाओढ चाले, ती मेल्यावरही थांबली नाही, असे त्या घुमटांकडे पाहून वाटते. पुरातत्त्व खात्याने ती वास्तू जपली आहे. जपावीच. बांधकाम देखणे आहे.

मराठी वाचकाला हा ख्रिस्ती वैराग्यधर्म परका वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि तुकोबांच्या अभंगाचे वळण घेऊन ख्रिस्तभजने रचली. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले. मात्र टिळकांचे औदार्य वाचावे ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त. पती हातातले देऊन मोकळा होतो आणि संध्याकाळच्या भाकरीची चिंता पत्नीच्या वाट्याला येते, हे त्या बाईंनी हसतहसत लिहिले आहे. दानाचा हिशेब असा घरातूनही तपासला पाहिजे.

तो तपासण्याची वेळ गेल्या वर्षी माझ्यावरच आली. जुन्या सुरतेतील आमच्या वडिलोपार्जित घरात माझा आणि धाकट्या बहिणीचा निम्मा निम्मा हिस्सा. ती विधवा, मुले दूर, आणि घरात प्रत्यक्ष राहते तीच. 'हक्क कमी' हा आमच्या महसूल खात्यातील नित्याचा शब्द. वारसांपैकी एखाद्याने आपला हक्क सोडला की तशी नोंद पडते. माझ्या हातून अशा शेकडो नोंदी मंजूर झाल्या असतील. हक्क सोडणारी जवळजवळ प्रत्येक वेळी बहीण असे. भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून ती अंगठा किंवा सही देई, आणि कागद नियमात असे.

मी माझा हिस्सा तिच्या नावे करावा, असे मनात आले तेव्हा पत्नीला विचारले. तिने थोडा वेळ घेतला. आमच्याही गरजा आहेत, औषधपाणी आहे. मुलाने दूरध्वनीवर त्या जागेचा बाजारभाव सांगितला, तो ऐकून मलाही दोन रात्री झोप लागली नाही. अखेर पत्नी म्हणाली, "द्यायचे तर द्या. पण वन्संसमोर उपकार केल्याचा चेहरा घेऊन जन्मभर बसू नका. ते त्यांना घरभाड्याहून जड होईल."

मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशूने गाजावाजा करून दान देऊ नये असे सांगितले आहे, ते मी वाचलेले होते. आमच्या घरात ते वाचल्यावाचून कळलेले माणूस होते.

दस्त झाला. नोंदीचा अर्ज घेऊन मी स्वतःच कचेरीत गेलो. रांगेत उभा राहिलो. मला ओळखणारे तेथे आता कोणी उरलेले नाही. तरुण कारकुनाने कागद चाळले, चष्मा वर केला आणि सौजन्याने म्हणाला, "काका, नाम ऊंधां लखायां छे. हक तो बहेननो कमी करवानो ने?"

नावे बरोबर आहेत, असे मी त्याला सांगितले. त्याने अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.