वाचनालय दुपारी उघडा

तिरोडी, मे महिना

प्रिय सुलभा,


वाचनालय सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडायचे, हा तुमच्या मंडळाचा बेत कळला. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी हीच रीत आहे. तिरोडीच्या उन्हाळ्यात मात्र ती नेमकी उलटी पडेल. इथे दिवसाचे वेळापत्रक ऊन ठरवते. मोह पहाटे गळतो, म्हणून मार्च-एप्रिलात वेचणी उजाडतानाच. मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी माणसे त्याहून लवकर निघतात आणि संध्याकाळी पाने द्यायला फडावर रांग लावतात. मँगनीजच्या खाणीतल्या पाळ्या वेगळ्या, हे खरे. पण सकाळची पाळी संपवून आलेला माणूसही उन्हे कलेपर्यंत सपरी सोडत नाही. तुमचे दार उघडे तेव्हा गाव जंगलात नाही तर फडावर, आणि गाव घरी तेव्हा दाराला कुलूप, असे होईल.

दुपारी तरी सवड कुठे, असे तू विचारशील. तोडून आणलेली पाने तेव्हाच जुळवायची असतात. खरे आहे. पन्नास पाने एकसारखी लावायची, देठ एका बाजूला घ्यायचे, सालीच्या दोरीने आवळायचे, की एक गड्डी झाली, मग दुसरी. पण यात गुंततात ते हात आणि थोडेसे डोळे. कान मोकळेच असतात. क्यूबात 1865 पासून सिगार वळणाऱ्या कामगारांना कारखान्यात वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवल्या जात, आणि वाचणाऱ्याचा पगार कामगारच वर्गणी काढून देत. आपल्याकडे केरळात कण्णूरच्या विडी कामगारांतही एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकत विड्या वळायच्या, अशी पद्धत होती. त्यांचे काम तंबाखूचे, आपले त्यावर गुंडाळायच्या पानाचे. पुराणिकबुवांना ऐकत आलेल्या आपल्या लोकांना हे नवे वाटायचे कारण नाही.

मंडळातल्यांना खरी धास्ती आयपीएलची दिसते. तिचे सामने बहुतेक संध्याकाळी साडेसातला सुरू होतात; दुपारी साडेतीनचा सामना सहसा शनिवार-रविवारी, तोही दर वेळी नाही. तेव्हा क्रिकेटची गाठ पडली तर तुमच्या संध्याकाळच्या वेळेशीच पडेल. मी तर म्हणतो, एका खोलीत टीव्हीही ठेवा. खेळ पाहणारा माणूस वाचणारा नसतो, हे कोणी ठरवले? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचे क्रीडापान सगळ्यांत आधी चुरगळते. जून 2022 मध्ये बंगळुरूला मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पहिल्या डावात 536 धावा, तिघांची शतके, पाच दिवसांचा खेळ. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. याच मैदानावर 1999 साली अंतिम सामना हरलेल्या मध्य प्रदेशाचे कर्णधारही तेच, आणि मधल्या काळात विदर्भाला लागोपाठ दोन करंडक मिळवून देणारेही तेच. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे आपल्याला हे दोन्ही संघ घरचे. एवढी गोष्ट नुसत्या धावफलकावर कोणाची भागेल? मागचे-पुढचे जाणून घ्यायला माणूस पान उलटतोच.

मुलांचे शिक्षण हिंदीत, ती मराठी वाचणार का, ही शंका मला जास्त वजनाची वाटते. लिपी तीच आहे, त्यामुळे अर्धी चढण संपलेली. उरलेली अर्धी ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आणि क्रीडापान चढवतील, जाड कादंबऱ्या नव्हे. त्या कपाटात राहू द्या, शोभतात. महाराष्ट्राचा 1967 चा ग्रंथालय कायदा आणि त्याचे अनुदान बावनथडी नदीच्या पलीकडेच थांबते, म्हणून पैसा वर्गणीतून यायचा. तो पुस्तकांआधी कूलर आणि वाळ्याच्या ताट्यांवर घाला. भर उन्हात कोण येईल, ही तुझी शेवटची शंका रास्त आहे. म्हणून दार अकराला उघडा आणि पाचपर्यंत मिटू नका. आलेला माणूस ऊन उतरेपर्यंत बसेलच, घागरीतले पन्हे असेल तर नक्कीच. फक्त कूलरमध्ये पाणी कोणी भरायचे, हे बैठकीत आधी ठरवून टाका. आमच्या गावात मंडळे त्यावरूनच मोडतात.

तुझा,
मामा