दोन कारंजी आणि एक तळे

मुलगी-जावई जर्मनीत नोकरीला. "आई, जन्मभर राबलीस, आता आठ दिवस समुद्राकाठी नुसती बस," असे म्हणून गेल्या उन्हाळ्यात मुलीने मला क्रोएशियातील दुब्रोवनिकला नेले. अॅड्रियाटिक समुद्राकाठचे हे जुने, दगडी तटबंदीचे शहर. समुद्र निळाशार, घरांवर आपल्या कोकणासारखी लाल कौले.

वेशीतून आत शिरताच मोठे गोल कारंजे लागते. ओनोफ्रिओ नावाच्या इटालियन कारागिराने १४३८ साली ते बांधले. त्या काळी बारा किलोमीटरवरून पाणी आणले! आजही त्याच्या सोळा तोंडांखाली देशोदेशीचे प्रवासी बाटल्या भरतात. मीही ओंजळ धरली आणि डोळे भरून आले. लहानपणी आमच्या गावात विहिरीला आम्हाला शिवू देत नसत. कुणी वरून ओतेल तेव्हा आमची ओंजळ भरायची.

परत निघालो तेव्हा वेशीपाशी दुसरे, लहानसे कारंजे दिसले. गाईड म्हणाला, "हे ज्यू लोकांसाठी वेगळे होते. इतरांच्या कारंज्यावर त्यांना पाणी भरू देत नसत." ज्या शहराने १४१६ सालीच गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, तेथेही पाण्याची वाटणी!

नऊ वर्षांच्या नातवाने विचारले, "आजी, पाणी एकच, मग कारंजी दोन का?"

मुलीने मला डोळ्यांनी खुणावले. जातीचे विष त्याच्या कानी पडू नये म्हणून तिने त्याला आजवर काहीच सांगितले नव्हते. पण मी गप्प बसले, तर त्याला खरे कोण सांगणार? मी त्याला जवळ बसवले आणि महाडची हकिकत सांगितली. तळे सर्वांना खुले, असा नगरपालिकेचा ठराव होता. पण ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, मागोमाग हजारोंनी घेतले.

पोराने बाटली भरून आणली. म्हणाला, "आजी, आधी तू पी."

रात्री मुलगी म्हणाली, "आई, मला तू हे कधी सांगितले नव्हतेस."

"तुला सांगावे लागले नाही, बाळ. तू वस्तीतच वाढलीस."

बंधू-भगिनींनो, मुलांना जग जरूर दाखवा. पण हे दिवस कुणामुळे आले, तेही सांगा. जयभीम!