पाट्यांना त्यांचं काम करू द्या

जुनी जीप ट्रेलरवर चढवून तिचे पट्टे आवळणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट असते: गाडी जागची हलता कामा नये. इच्छा रास्त आहे. पण ती पुरी करण्यासाठी चासीत चार हूक अडकवून गाडी तिच्या पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगांवर, जमेल तितकी खाली दाबायची, ही जी रीत सर्रास दिसते, ती मला चुकीची वाटते. ट्रेलरच्या तळाशी बांधायची ती चाकं, किंवा चाकं ज्यांवर बसली आहेत ते ॲक्सल. त्यांच्या वरचं सगळं, म्हणजे चासी, इंजिन, पत्र्याचं अंग, रस्त्यावर जसं डुलतं तसं डुलू द्यावं. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे 6 लाख 40 हजार जीप बांधल्या; युद्ध संपल्यावर 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-3बी इथे कित्येक वर्षं बनत राहिली. त्या पिढीतल्या ज्या गाड्या आज उरल्या आहेत, त्यांचा लांबचा प्रवास आता बहुतेक दुसऱ्या गाडीच्या पाठीवरूनच होतो. ज्या गाडीनं सत्तर-ऐंशी वर्षं खड्डे, नद्या आणि डोंगर सोसले, तिला तिच्याच मालकानं आवळलेल्या पट्ट्यानं इजा व्हावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी हे पाहू, की जीपला नेमकं कशापासून धरून ठेवायचं आहे. अमेरिकेतले मालवाहतुकीचे नियम असं धरून चालतात, की करकचून ब्रेक लागला तर माल आपल्या वजनाच्या आठ दशांश इतक्या जोरानं पुढे जायला पाहील, आणि वळणावर किंवा मागच्या दिशेनं निम्म्या वजनाइतक्या जोरानं. युरोपातलं गणितही सर्वसाधारणपणे हेच आहे. जुनी जीप अकराशे किलोंची धरली, तर पुढचा रेटा 880 किलोंचा आणि बाजूचा 550 चा. बोरघाट उतरणाऱ्या किंवा खंबाटकीच्या वळणावर येणाऱ्या ट्रेलरला हे आकडे पुस्तकी वाटणार नाहीत. पुढचा रेटा सगळ्यांत मोठा, ही गोष्ट जीपच्या जन्मकाळातल्या माणसांनाही पक्की माहीत होती. युद्धात ‘वाको’ ग्लायडरच्या पोटात जीप घालून नेत. या ग्लायडरचं नाक, वैमानिकांच्या आसनांसकट, बिजागरीवर वर उघडायचं. उतरताना दणका बसून जीप सुटली आणि पुढे धावली, तर तिच्याच ओढीनं दोर खेचला जाऊन नाक वर उचललं जावं आणि वैमानिक चिरडले जाऊ नयेत, अशी योजना त्यात होती. बांधलेलं सुटूही शकतं, हे आधीच मनात धरून केलेलं हे काम आहे, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

पट्ट्यांच्या या आग्रहावर पहिला आक्षेप सवयीतून येतो. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, मग पट्ट्यांचं एवढं कौतुक कशाला? ठोकळे हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण विलीजच्या या जुन्या घराण्यात हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतोच. तो ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो. हँडब्रेक ओढला की शाफ्ट थांबतो, चाकं थेट थांबत नाहीत. मध्ये डिफरन्शियल आहे. दोन्ही चाकांची पकड सारखी असेल तोवर गाडी उभी राहते. तळ पावसानं निसरडा झाला, किंवा खड्ड्यात एक चाक क्षणभर हलकं झालं, की शाफ्ट जागच्या जागी राहून ते चाक उलटं फिरतं आणि दुसरं सुलटं. गाडी सरकते. पुढची चाकं तर फोर-व्हील न टाकता मोकळीच असतात. गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीचीही तीच कथा, कारण तो रोधही त्याच शाफ्टमधून चाकांपर्यंत पोचतो. वर प्रत्येक हिसका जुन्या दात्यांवर बसतो, तो वेगळा. म्हणून हँडब्रेक ओढावा, पण बांधताना तो नाहीच असं समजून बांधावं.

आता मूळ मुद्दा. पट्टा आवळायचं दातेरी रॅचेट हातानं ओढून एका पट्ट्यात तीनशे किलोंच्या आसपास ताण सहज येतो. पट्टा खाली पंचेचाळीस अंशांत उतरत असेल, तर त्यातले दोनशेहून जास्त किलो सरळ खालच्या दिशेनं लागतात. असे चार पट्टे चासीला लावले की पाट्यांवर आठशेहून अधिक किलोंचं जादा ओझं बसलं. युद्धकाळच्या जीपचं लष्करी दफ्तरातलं नाव काय होतं? पाव टनाचा ट्रक. तिच्या पाट्यांची कमान त्या हिशेबानं घडवलेली. ज्या गाडीला तिच्या ऐन उमेदीत पाव टनाची गाडी म्हणत, तिच्यावर म्हातारपणी तासन्‌तास त्याच्या तिप्पट भार टाकायचा, आणि वर तिला खड्ड्यांतून न्यायचं. एवढं सोसून पकड तरी पक्की मिळते का? तीही नाही. ट्रेलर खड्ड्यात आदळला की जीपचं अंग आधीच दबलेल्या पाट्यांवर आणखी खाली जातं आणि त्या क्षणी चारही पट्टे सैल पडतात. सैल पडलेला उघडा हूक कडीतून निसटू शकतो. निसटला नाही, तर पाटे उसळून अंग वर येतं आणि पट्ट्याला हिसका बसतो. मालाची वाट लागते ती बहुधा अशा हिसक्यांनी, सलग ओढीनं नव्हे. हाच पट्टा ॲक्सलला किंवा टायरवरून घेतला, तर त्याच्या आणि ट्रेलरच्या मध्ये पाटे येतच नाहीत. मध्ये उरते ती फक्त टायरमधली हवा. अंग वर-खाली होत राहतं, पट्ट्याचा ताण मात्र जवळपास आहे तसाच राहतो. पूर आला तरी नाव खुंट्याला धरून राहते ती दोराला ढील असते म्हणून. जीपला ती ढील तिच्या पाट्यांनी आधीच देऊन ठेवली आहे.

‘ॲक्सलला पट्टा घालाल आणि ब्रेकची नळी चेपाल,’ हा आक्षेप जाणकार मेकॅनिकचा आहे, आणि तो खरा आहे. मागच्या ॲक्सलच्या पाठीला चिकटून ब्रेक ऑइलची बारीक धातूची नळी जाते. धूळ आणि ग्रीसच्या थराखाली ती दिसतही नाही. तिच्यावरून पट्टा आवळला गेला, तर गाडी ट्रेलरवरून खाली उतरेपर्यंत नुकसान कळणारही नाही, आणि कळेल ते पहिल्या उतारावर. पण यावरून निघतो तो निष्कर्ष एवढाच, की आधी गाडीखाली वाकून, फडक्यानं ॲक्सल पुसून, नळी कुठून जाते ते बोटानं चाचपावं. त्यासाठी ॲक्सल सोडून चासी धरण्याचं कारण नाही. नळी नडतच असेल, तर टायरवरून जाणारा पट्टा वापरावा. तो चाकाला वरून कवेत घेतो आणि पुढे-मागे तळाला बांधला जातो. चासीची दुसरी एक अडचण आहे, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत आणि इथल्या पावसाळ्यांत जुनी चासी आतून सडते. वरून रंग चकचकीत, आणि हूक अडकवायचा तो आडवा तुकडा नेमका वेल्डिंगचं ठिगळ लावलेला. ॲक्सलचं पोलाद जाड असतं; गाडीचं सगळं वजन चाकांपर्यंत पोचवण्यासाठीच तो ॲक्सल बनवलेला. स्टिअरिंगचे दांडे, शॉकॲब्सॉर्बरचे कान, पाट्यांच्या शॅकल यांना मात्र हात लावू नये.

पट्टे तिरके का, आणि ते किती दमाचे हवेत, याचंही गणित याच आकड्यांत आहे. ब्रेक लागताना जीपला धरून ठेवतात ते मागच्या ॲक्सलवरून मागे ओढलेले दोन पट्टे. ते खाली उतरतात आणि बाजूच्या रेट्यासाठी एकमेकांना छेदून आडवेही जातात, त्यामुळे प्रत्येकाच्या ताणातला निम्माच भाग पुढचा रेटा रोखायला कामी येतो. म्हणजे तळाचं घर्षण सोडून दिलं, तर 880 किलोंचा रेटा पेलताना प्रत्येक पट्ट्यात तेवढाच, 880 किलोंचा ताण येतो. पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीत तो किती भार पेलेल हे लिहिलेलं असतं, ते वाचूनच पट्टा विकत घ्यावा. तुटण्याचा आकडा मोठा दिसतो, पण कामाचा भार त्याच्या साधारण एक तृतीयांशच धरतात. चिठ्ठी फाटलेला पट्टा मी तरी जीपसाठी वापरणार नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप ट्रेलर ओढणाऱ्याचा. वरचं अंग मोकळं ठेवलं की ते डुलेल आणि ट्रेलरला शेपूट हलवायला लावेल, असं तो म्हणतो. ट्रेलर शेपूट हलवतो हे खरं, आणि ते भयंकर असतं. पण त्याचं नेहमीचं कारण वजनाची जागा हे आहे. ओझं ट्रेलरच्या चाकांच्या मागे झुकलं की जोडाच्या दांड्यावरचा भार कमी होतो आणि मागचं टोक मोकाट सुटतं. अमेरिकेत ओढायच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडावर यावा असं मानतात. जीप लांबीला सव्वातीन मीटरच्या थोडी वर, म्हणजे आखूड, आणि इंजिन पुढे. त्यामुळे ती वीतभर पुढे-मागे केली तरी हा हिशेब साधतो. जागा चुकली असेल तर पट्टे कितीही आवळून ती सुधारत नाही. पाट्यांवरचं डुलणं म्हणजे गाडी रस्त्यावर रोज जे करते तेच. शॅकल आणि शॉकॲब्सॉर्बर धड असतील तर ते थोडक्यात शमतं. टपावर कॅरिअर, त्यावर सामान, खाली झिजलेले बुश, अशी गाडी असेल तर हा आक्षेप मला मान्य करावा लागेल. तेव्हा सामान आधी उतरवावं, आणि अंग फारच कलत असेल तर चासीला वेगळी साखळी घालावी, पण पाटे न दाबता, किंचित ढील ठेवून. पट्टा तुटलाच तर अडवायला ती उपयोगी पडते.

जीप चालवायला केलेली आहे, मग चालवतच का नेत नाही, असंही विचारलं जातं. चालवावी, जिथे शक्य असेल तिथे. पण 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या बदलानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कारणांसाठीच आणता येते. शिवाय साठ अश्वशक्तीचं इंजिन आणि त्या काळचे ड्रम ब्रेक घेऊन आजच्या द्रुतगती मार्गावर कंटेनरच्या रांगेत उतरणं हे तिच्या जिवावरचं आणि इतरांच्याही जिवावरचं काम आहे.

बांधून झाल्यावर काम संपत नाही. अमेरिकेत पहिल्या 80 किलोमीटरच्या आत माल पुन्हा तपासावा असा ट्रकचालकांना नियम आहे, आणि नंतरही ठराविक अंतरानं. त्याला कारण आहे. नवा पट्टा ओढीनं थोडा लांबतो, रॅचेटवरचे वळसे बसतात, आणि जुन्या ट्यूबमधली हवा हळूहळू उतरते. ॲक्सल बांधलेल्या जीपमध्ये टायरची हवा हाच ताणाचा आधार, म्हणून निघण्यापूर्वी हवा पुरी भरावी. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या ट्रेलरनं खंबाटकी चढण्याआधी शिरवळला थांबून चारही पट्टे हातानं दाबून पाहावेत, सैल असेल तो एक-दोन दात ओढावा. त्याच वेळी पट्ट्याची कड पाहावी, विशेषतः जिथे तो पाट्यांच्या यू-बोल्टच्या टोकाजवळून जातो तिथे. पट्ट्याचं पॉलिएस्टर सरळ ओढीला दमदार असलं तरी धारेला लगेच हार खातं. कडेचे धागे तुटलेले दिसले तर तो पट्टा तिथेच काढून दुसरा लावावा.