दोन ज्ञानोबा

घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे ग्रंथालयाचा ‘देणे नाही’ हा दाखला अडला, तेव्हा छातीत धस्स झाले. संगणकात ज्ञानोबा दोन होते. एकाने पुस्तक नेले, दुसऱ्याने परत केले!

ग्रंथपाल सर म्हणाले, “संगणकाची प्रणाली बदलली, अक्षरक्रम बदलला, अनुक्रमणिका मात्र जुन्याच क्रमाची राहिली. ‘ज्ञ’ आपल्या तक्त्यात शेवटी, हिंदी शब्दकोशात ‘ज’मध्ये. भलत्या जागी शोधले, सापडले नाही, म्हणून पुन्हा नोंदले.” २०१८ साली लिनक्समधल्या जीलिबसीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरक्रम बदलला, तेव्हा पोस्टग्रेसमधल्या अनुक्रमणिका अशाच बिघडल्या होत्या.

सरांनी दोन्ही नोंदी एक केल्या, अनुक्रमणिका नव्याने बांधली. दाखला मिळाला.

घरी सांगितले, तर आई म्हणाली, “एका ज्ञानूची फी भरताना नाकी नऊ आले, दुसऱ्याची कुठनं भरू?”