हँडल बदलताय? आधी केबल मोजा!

हॉस्टेलवर सायकल असणाऱ्याला दोन प्रकारची माणसं भेटतात - उसनी मागणारी आणि फुकट सल्ला देणारी. माझ्या गिअरवाल्या सायकलचं सरळ हँडल काढून रेसरचं वाकडं बसवायचं ठरवलं, तेव्हा दुसरा प्रकार एकदम वाढला. "त्यात काय? लिव्हर इथून काढायचे, तिथे चढवायचे!"

पण मित्रांनो, मी दर रविवारी सासवडहून दिवे घाट उतरून पुण्याला येतो. मागून ट्रक, पुढे वळण. तिथे 'बघू, जमेल' चालत नाही. म्हणून आधी व्हर्निअर घेऊन बसलो.

पहिला मुद्दा व्यासाचा. लिव्हर बसतो तिथे सरळ हँडल २२.२ मिमी, तर वाकडं २३.८ मिमी. म्हणजे जुने लिव्हर बाद.

दुसरा मुद्दा खरा जिवाशी येणारा. लिव्हर दाबला की केबल किती ओढली जाते? माझ्या सायकलला व्ही-ब्रेक आहेत. त्यांचे हात लांब, त्यामुळे त्यांना केबल जास्त ओढावी लागते. रेसरचे नेहमीचे लिव्हर कॅलिपर ब्रेकसाठी असतात, ते कमी ओढतात. ही जोडी लावली तर लिव्हर हँडलला टेकतो, तरी रबरं जेमतेम रिमपर्यंत पोचतात. उलटी जोडी केली तर लिव्हर घट्ट लागतो, पण सायकल थांबत नाही. फर्स्ट इयरला घोकलेलं 'बल गुणिले अंतर' ते हेच! शेवटी व्ही-ब्रेकसाठीच बनवलेले वाकड्या हँडलचे लिव्हर घेतले.

आता गिअर. सात गिअरच्या संचात दोन चक्रांमधलं अंतर ५ मिमी, नऊच्या संचात ४.३५. टकटक करणारा शिफ्टर त्याच हिशोबाने केबल ओढतो, म्हणून नऊचा शिफ्टर सातला चालत नाही. ब्रेक आणि गिअर एकत्र असलेला लिव्हर घ्यावा, तर तो महाग आणि व्ही-ब्रेकला पुन्हा केबल अपुरी! मग हँडलच्या टोकाला बसणारे फ्रिक्शन शिफ्टर घेतले. यात टकटक नाही; गिअर कानाने शोधायचा. चार दिवसांत हात बसतो.

घाट उतरण्याआधी कॅम्पसच्या उतारावर दहा वेळा ब्रेक दाबून पाहिले. लिव्हर अर्ध्यावर येताच सायकल थांबते.

थोडक्यात, जोडी जमवताना दिसणं नंतर. कोण किती ओढतं ते आधी पाहावं. प्रोजेक्टचा ग्रुप ठरवतानाही हा नियम लागू पडतो, असं म्हणतात!